चारशे व्होल्टचा माग

टीव्ही, संगणक, राउटर, सेट-टॉप बॉक्स, एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर यांपैकी एकाही उपकरणाला सॉकेटमधून येणारी २३० व्होल्टची वीज आहे तशी चालत नाही. त्यांच्या आतल्या चिपना आणि दिव्यांना बहुधा त्याहून पुष्कळ कमी दाबाची आणि एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, आणि ती तयार करून देणाऱ्या भागाला पुस्तकात स्विच्ड मोड पॉवर सप्लाय, तर दुरुस्तीच्या टेबलावर ‘एसएमपीएस’ किंवा नुसते ‘सप्लाय’ म्हणतात. वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज आले की बहुतेक वेळा पहिला बळी याच भागाचा जातो. अशा सप्लायची वासलात दुकानात दोन प्रकारे लावली जाते: एक तर अख्खा बोर्ड बदलतात, नाहीतर जळालेला भाग उचकटून त्याच क्रमांकाचा नवा बसवतात. दोन्ही प्रकारांत एक प्रश्न विचारायचा राहून जातो, तो म्हणजे चुकीचे व्होल्टेज नेमके कोणते होते. न्यूट्रल तुटून आलेले ४०० व्होल्ट, आकाशातली वीज जवळ पडल्याने आलेला क्षणिक लोट, ११५ व्होल्टच्या खुणेवर राहिलेला स्विच आणि उलट्या ध्रुवाचा अडॅप्टर यांनी होणारी जळजळ एकसारखी नसते, आणि तिच्यातला फरक ज्याला वाचता येतो त्याचीच दुरुस्ती टिकते.

हा नाजूकपणा जुन्या सप्लायमध्ये एवढा नव्हता. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांमध्ये लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असे. सेकंदाला ५० आवर्तनांची वीज तो थेट खालच्या दाबावर उतरवी, आणि त्यापुढचे सर्व भाग मुख्य विजेपासून तुटलेले राहत. जादा दाब आला की त्याचा गाभा संपृक्त होई, म्हणजे चुंबकत्व सामावून घेण्याची त्याची मर्यादा संपे, गुंडाळीतला प्रवाह वाढे, ट्रान्सफॉर्मर तापे, वार्निशचा वास सुटे आणि घरातल्या कोणाच्या तरी लक्षात येऊन बटण बंद होई. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल या अमेरिकी कंपनीतील रॉबर्ट मॅमानो यांनी एसजी१५२४ ही स्विचिंग सप्लायचे नियंत्रण एकाच तुकड्यात आणणारी चिप तयार केली. १९७७ च्या ॲपल टू संगणकात रॉड होल्ट यांनी रचलेला हलका, पंखा न लागणारा स्विचिंग सप्लाय आला. आणि १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ६३.५ वॉटचा तसाच सप्लाय होता. वजन आणि उष्णता दोन्ही कमी झाली हे खरे, परंतु त्याची किंमत अशी मोजावी लागली की मुख्य विजेच्या थेट समोर आता लोखंडाऐवजी अर्धवाहकाचा नखाएवढा तुकडा उभा राहिला, आणि त्याला वास सुटण्याइतकाही अवकाश मिळत नाही.

या सप्लायची रचना समजल्याशिवाय त्याचे जळणे समजत नाही. सॉकेटमधून आत आलेली वीज प्रथम फ्यूजमधून जाते. पुढे फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये बहुधा निळ्या किंवा पिवळ्या रंगाची एक गोल चकती असते, तिला व्हॅरिस्टर किंवा ‘एमओव्ही’ म्हणतात, आणि दाब मर्यादेबाहेर गेला की स्वतःमधून प्रवाह सोडून पुढच्यांना वाचवणे हे तिचे काम असते. त्यानंतर चार डायोडांचा ‘ब्रिज’ दोन्ही दिशांनी वाहणारी वीज एकदिश करतो आणि एक मोठा कपॅसिटर ती साठवतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, की २३० व्होल्ट हा सरासरी परिणाम दाखवणारा आकडा असून त्या लाटेचे शिखर त्याच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे ३२५ व्होल्टांवर असते, आणि कपॅसिटर भरतो तो शिखरापर्यंत. म्हणून त्याच्या अंगावर ४०० किंवा ४५० व्होल्टांची मर्यादा छापलेली असते. या साठ्यातली वीज मॉस्फेट नावाचा ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा जोडतो व तोडतो, त्या तुकड्यातुकड्यांच्या विजेवर फेराइटचा लहानसा ट्रान्सफॉर्मर चालतो, आणि दुसऱ्या बाजूला हवे ते कमी व्होल्टेज मिळते. रंगीत टीव्हीच्या काळापासून आपल्याकडे या ट्रान्सफॉर्मरला ‘चॉपर’ म्हणण्याची पद्धत पडली, आणि ट्यूब असलेला टीव्ही घरांतून गेला तरी कारागिरांच्या तोंडचे हे नाव गेलेले नाही. बाहेरचे व्होल्टेज योग्य आहे की नाही याची बातमी टीएल४३१ ही छोटी संदर्भ-चिप आणि ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाने निरोप देणारा आणि दोन्ही बाजूंना तारेचा संबंध नसलेला भाग, नियंत्रक चिपपर्यंत पोचवतात.

मॉस्फेटवर प्रत्यक्षात ३२५ व्होल्टांपेक्षा पुष्कळ जास्त ताण येतो. तो उघडतो त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरमधून परत फिरलेले शंभरेक व्होल्ट आणि गळतीमुळे उठलेली टोकदार उसळी त्या ३२५ मध्ये मिळतात, बेरीज सहज ५०० पलीकडे जाते, आणि म्हणूनच ६०० किंवा ६५० व्होल्टांचा मॉस्फेट निवडलेला असतो. हाताशी राहणारी सवलत ही एवढीच.

आता चुकीच्या व्होल्टेजकडे वळावे. भारतात त्याचा सर्वांत विध्वंसक प्रकार न्यूट्रल तुटण्याचा आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण ‘व्होल्टेज जास्त आले’ या वाक्यात तो दडून जातो. गावातल्या रोहित्रातून, ज्याला ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास ‘डीपी’ म्हणतात, तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. प्रत्येक घराला एक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळतो, त्यांच्यामधला दाब २३० व्होल्ट असतो, परंतु कोणत्याही दोन फेजमधला दाब ४०० व्होल्ट असतो. बोलीत आजही ‘चारशे चाळीस’ म्हणतात तो हाच दाब. खांबावर किंवा डीपीच्या पेटीत न्यूट्रल सुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांना त्या लोंबकळत्या न्यूट्रलने जोडलेली राहतात आणि दोन घरे मिळून ४०० व्होल्टांच्या ओळीत सापडतात. समजा एका घरात टीव्ही, राउटर आणि एक-दोन दिवे मिळून १०० वॉटचा भार आहे, आणि शेजारच्या घरात इस्त्री चालू असून भार १००० वॉटचा आहे. ४०० व्होल्टांची वाटणी या दोघांत त्यांच्या विरोधाच्या प्रमाणात होते: साध्या हिशेबाने इस्त्रीच्या घराला जेमतेम ३६ व्होल्ट मिळतात आणि टीव्हीच्या घराला सुमारे ३६४. काटकसरीने वीज वापरणाऱ्या घराचे नुकसान सर्वांत जास्त होते, आणि ज्याच्या घरात मोठा भार चालू होता त्याला फक्त दिवे मंद झाल्याचे दिसते. एकाच गल्लीत कोणाचे सगळे जळते आणि कोणाचे काहीच जात नाही, याचे आश्चर्य करण्याचे मुळीच कारण नाही.

याचाच एक भाऊबंद म्हणजे दुरुस्तीनंतर खांबावर झालेली अदलाबदल. पावसाळ्यात तुटलेल्या तारा घाईने जोडताना न्यूट्रलच्या जागी एक फेज लागला, तर उरलेल्या दोन फेजवरच्या घरांना थेट ४०० व्होल्ट मिळतात आणि ज्या फेजची न्यूट्रलशी अदलाबदल झाली त्यावरच्या घरांना मात्र नेहमीचे २३० च मिळत राहतात. तिसऱ्या हिश्श्याची घरे अशी सुखरूप राहिल्यामुळे दोष वाहिनीत नसून जळालेल्यांच्या वायरिंगमध्ये आहे, असा समज गावात पसरतो आणि खरा तपास लांबतो.

४०० व्होल्टांचे शिखर ५६५ व्होल्ट होते. ४०० व्होल्टांचा कपॅसिटर ते झेलत नाही. आतल्या द्रवाची वाफ होते, डोके फुगते आणि त्यावर मुद्दाम कोरलेली रेघ फाटून वाफ बाहेर पडते, जिचा आंबूस, तिखट वास खोलीत बराच वेळ राहतो. व्हॅरिस्टरवर ‘१४डी४७१’ असे छापलेले असले तर तो १४ मिलिमीटर व्यासाचा आणि सतत ३०० व्होल्टांपर्यंतच्या प्रत्यावर्ती विजेसाठी असतो. त्याची निर्मिती मायक्रोसेकंदांच्या लोटासाठी झालेली असते, मिनिटामिनिटांच्या अतिदाबासाठी नव्हे, त्यामुळे तो तापून शॉर्ट होतो, तडकतो आणि जाताजाता फ्यूज उडवतो. तो वेळेवर गेला तर पुढचे सगळे वाचते. तो नसला, किंवा खर्च वाचवण्यासाठी उत्पादकाने त्याची जागा बोर्डावर रिकामीच ठेवली असली, तर मॉस्फेटवर ५६५ अधिक दोनेकशे व्होल्टांचा ताण येतो आणि तो आरपार शॉर्ट होतो.

यानंतर जे घडते ते कारागिराने मनात पक्के बसवले पाहिजे, कारण दुसऱ्यांदा जळणाऱ्या बहुतेक दुरुस्त्यांचे मूळ येथेच असते. शॉर्ट झालेला मॉस्फेट फक्त स्वतः मरत नाही: साठ्यातली सगळी वीज त्याच्या पायाशी असलेल्या, एक ओहमपेक्षाही कमी विरोधाच्या रेझिस्टरमधून धावते आणि तो फुटतो; तो फुटल्यावर वाट बंद झालेला उच्च दाब मॉस्फेटच्या गेटमधून उलटा नियंत्रक चिपकडे जातो; गेटवरचा बारीक रेझिस्टर उघडतो, तेथला झेनर डायोड मरतो आणि यूसी३८४२ सारखी चिप, जिला चालू होण्यास जेमतेम १६ व्होल्ट पुरतात, शेकडो व्होल्टांनी कोसळते. ब्रिजमधले एक-दोन डायोड जातात, फ्यूज जातो. हे सर्व डोळ्याची पापणी लवण्याआधी होते. आता कोणी फक्त फ्यूज आणि मॉस्फेट बदलून बटण दाबले, तर गेटवर नियंत्रण करणारे कोणी शिल्लक नसते, नवा मॉस्फेट अर्धवट उघडा राहतो आणि पुन्हा तोच स्फोट होतो. नव्या भागाला ‘माल डुप्लिकेट निघाला’ असा दोष दिला जातो. तो दर वेळी खोटा नसतो, पण पुष्कळदा दोष मालाचा नसून अर्धवट वाचनाचा असतो.

या सगळ्या नाशात एक दिलासा आहे, आणि दुरुस्तीचे अर्थशास्त्र त्यावरच उभे आहे. ट्रान्सफॉर्मर फक्त बदलती वीज पलीकडे पोचवतो. मॉस्फेट शॉर्ट होऊन थांबला की स्विचिंग थांबते आणि पलीकडे काहीच जात नाही. त्यामुळे प्राथमिक बाजू कोळसा झालेली असली तरी टीव्हीचा मुख्य बोर्ड, संगणकाचा मदरबोर्ड किंवा राउटरची चिप बहुधा शाबूत राहते. दोन-चारशे रुपयांचे भाग आणि दोन तासांची मेहनत यांच्यात काही हजारांचे उपकरण परत उभे राहते. बोर्ड पाहताच ‘नवीन घ्या’ म्हणणाऱ्या सेवाकेंद्रांची घाई येथे तपासून घेण्याजोगी असते.

वीज पडल्याने आलेल्या लोटाची खूण निराळी असते. तो मायक्रोसेकंदांत येऊन जातो, कपॅसिटर फुगण्याइतका वेळ त्याला नसतो. व्हॅरिस्टर उभा चिरतो, बोर्डावर दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये ठिणगीचा काळा ओरखडा उमटतो, आणि पुष्कळदा हा लोट विजेच्या तारेतून न येता इंटरनेटच्या किंवा केबल टीव्हीच्या तारेतून आलेला असतो. अशा वेळी राउटरचा सप्लाय ठणठणीत असतो आणि लॅन पोर्टची चिप मेलेली असते. तेथे सप्लाय उघडण्यात वेळ घालवू नये.

बाहेरून आणलेल्या उपकरणांचा प्रकार महाराष्ट्रातल्या शहरी घरांना चांगला परिचित आहे. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, जपानमध्ये १०० व्होल्टची. तिकडे राहिलेल्या नातलगांनी परत येताना आणलेली ध्वनियंत्रे, प्रिंटर आणि प्रयोगशाळेतली उपकरणे पुण्या-मुंबईत सॉकेटला लावताच जळतात. ज्याच्या पाठीवर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापले आहे त्याला काही होत नाही, आणि आजचे लॅपटॉपचे अडॅप्टर बहुतेक या वर्गातले असतात. जुन्या संगणकांच्या सप्लायवर मात्र मागच्या बाजूला ११५ आणि २३० अशा खुणांचा एक लाल स्विच असे. तो ११५ वर असताना आतली जोडणी व्होल्टेज दुप्पट करणारी होते: २०० व्होल्टांचे दोन कपॅसिटर एकापाठोपाठ लावलेले असतात आणि प्रत्येक जण लाटेच्या एकेका अर्ध्यात भरून घेतो, म्हणजे ११५ व्होल्टांवर प्रत्येकी १६० च्या आसपास. तोच स्विच ११५ वर ठेवून २३० दिले की प्रत्येकावर ३२५ व्होल्ट येतात आणि दोघे मिळून ६५० होतात. दोन्ही कपॅसिटर जोडीने फुटलेले दिसले, की स्विचची जागा न पाहताही निदान करता येते. उलट चूक, म्हणजे अमेरिकेत २३० वर राहिलेला स्विच, निरुपद्रवी असते. सप्लायला अर्धेच व्होल्टेज मिळते आणि तो सुरूच होत नाही.

अशा उपकरणांसाठी विकल्या जाणाऱ्या हलक्या प्रवासी कन्व्हर्टरांबद्दल एक इशारा देणे भाग आहे. खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर जड असतो. हातात मावणारा, ‘१६०० वॉट’ लिहिलेला डबा त्यात ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळेच हलका असतो. तो थायरिस्टरने प्रत्येक लाटेचा मोठा भाग कापून टाकतो, म्हणून परिणामी व्होल्टेज ११० भरते आणि चांगला मीटरही ११० दाखवतो. परंतु उरलेल्या तुकड्याचे शिखर २९० व्होल्टांच्या घरात राहते आणि सप्लायचा कपॅसिटर शिखरापर्यंतच भरतो. केस वाळवण्याच्या यंत्राला किंवा इस्त्रीला हा डबा चालतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूला तो थेट २३० दिल्याइतकाच घातक ठरू शकतो.

अडॅप्टरच्या अदलाबदलीविषयी थोडक्यात एवढेच, की १२ व्होल्टांच्या सेट-टॉप बॉक्सला लॅपटॉपचे १९ व्होल्ट दिले किंवा मधल्या टोकाचा ध्रुव उलटा असला, तर आतल्या वाटेवरचा संरक्षक डायोड शॉर्ट होऊन उरलेल्यांना वाचवतो आणि तो बदलला की काम होते. पण दाब त्याच्याही पुढे जाऊन ३.३ व्होल्टांच्या रेषेवर पोचला असेल, तर मुख्य चिप मेलेली असते आणि तेथे हात टेकावेत.

प्रत्यक्ष दुरुस्तीची सुरुवात मीटरने न होता प्रश्नांनी व्हावी: किती घरांत जळले, पंखे जोरात फिरले का, दिवे आधी प्रखर झाले का, काम चालू होते का खांबावर. त्यानंतर कपॅसिटर रिकामा करायचा. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टांना सुमारे २५ जूल ऊर्जा साठवतो, आणि सप्लाय मेलेला असला तर ती वापरणारे कोणीच नसल्याने ती बराच काळ तशीच राहते. म्हणजे ज्या सप्लायला ‘काहीच येत नाही’ तोच हाताला जास्त धोकादायक. स्क्रूड्रायव्हरने दोन्ही पाय जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती कपॅसिटरला आणि डोळ्यांना दोघांनाही वाईट. २.२ किलोओहमचा १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड टोकांनी काही सेकंद धरला आणि नंतर मीटरने खात्री केली, की काम निर्धोक होते.

मग फ्यूज पाहावा. काचेचा फ्यूज आतून काळा किंवा चंदेरी झाला असेल तर मोठा शॉर्ट घडला आहे, आणि पुढे व्हॅरिस्टर, ब्रिज किंवा मॉस्फेट गेलेला असतो. तार नुसती मध्ये वितळून काच स्वच्छ राहिली असेल तर ताण हळूहळू वाढला होता किंवा फ्यूज वयाने गेला आहे. यानंतर मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून ब्रिजचे चारही डायोड, मॉस्फेटचे तीनही पाय, त्याच्या पायाचा कमी विरोधाचा रेझिस्टर, गेटचा रेझिस्टर, नियंत्रक चिपचा वीजपाय आणि ऑप्टोकपलर या क्रमाने तपासायचे. एक भाग खराब सापडला म्हणून थांबायचे नाही. साखळीचे शेवटचे शाबूत टोक सापडेपर्यंत पुढे जायचे. जळालेल्या जागेचा बोर्डही तपासायचा, कारण स्वस्त उपकरणांत वापरला जाणारा तपकिरी फिनॉलिक बोर्ड जळाला की त्याचा कोळसा होतो आणि कोळसा वीज वाहतो. तो खरवडून काढल्याशिवाय नवे भाग डाख लावून बसवणे व्यर्थ.

सगळे भाग बदलल्यावर सप्लाय थेट सॉकेटला लावण्याचे धाडस अनुभवी कारागीर करत नाही. तो ‘सिरीज बोर्ड’ वापरतो, म्हणजे ६० किंवा १०० वॉटचा तंतूचा बल्ब सप्लायच्या ओळीत जोडतो: आत शॉर्ट उरला असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा दाब स्वतःवर घेतो, सर्व ठीक असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर लुकलुकून मंदावतो. हे शंभर रुपयांच्या आतले उपकरण कोणत्याही महागड्या यंत्राइतके विश्वासू आहे. गंमत अशी, की २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले, तंतूचा बल्ब दुकानांतून दिसेनासा होत गेला, आणि ज्या एलईडी दिव्याने त्याला घालवले त्याच्याच आतला इवलासा ड्रायव्हर न्यूट्रल तुटताच जातो व दुरुस्तीला येतो. त्याच्या चाचणीला मात्र तोच जुना बल्ब लागतो, एलईडी बल्ब तेथे निरुपयोगी.

काही जण डिमरस्टॅटने, म्हणजे हाताने फिरवून शून्यापासून व्होल्टेज वाढवता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, हळूहळू दाब चढवतात. ते चांगलेच, पण डिमरस्टॅट मुख्य विजेपासून तोडत नाही, त्यासाठी वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. सप्लायच्या प्राथमिक बाजूचे ग्राउंड, ज्याला ‘हॉट ग्राउंड’ म्हणतात, पृथ्वीशी जोडलेले नसते. त्यावर ऑसिलोस्कोपचा अर्थिंग असलेला चिमटा लावला की ब्रिजमधून थेट शॉर्ट होतो आणि नुकताच दुरुस्त केलेला सप्लाय दुसऱ्यांदा मरतो.

भागांची निवड हा विश्वासाचा विषय आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली येथे मॉस्फेट, चिप आणि कपॅसिटर सुटे मिळतात. त्यांत नवे, जुन्या बोर्डावरून काढलेले आणि अंगावरचा छाप पुसून नवा उमटवलेले असे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी पडलेले असतात. कपॅसिटर ४०० ऐवजी ४५० व्होल्टांचा आणि १०५ अंश सेल्सिअसचा घेतल्यास चार पैसे जास्त जातात आणि आयुष्य वाढते. फ्यूजच्या जागी तार बांधणे हा गुन्हाच समजावा. त्याहून कमी ओळखला जाणारा धोका ‘वाय’ वर्गाच्या छोट्या निळ्या कपॅसिटरचा आहे: तो प्राथमिक आणि दुय्यम बाजूंना जोडणारा पूल असतो, आणि शॉर्ट न होण्याची हमी म्हणूनच त्याची वेगळी चाचणी झालेली असते. त्याच्या जागी साधी निळी चकती बसवली आणि ती पुढे शॉर्ट झाली, तर मुख्य वीज थेट टीव्हीच्या धातूच्या अंगावर किंवा चार्जरच्या टोकावर येते. दुरुस्ती झाली, उपकरण चालले, ग्राहक खूश झाला, आणि घरात एक सापळा लागला, असा हा प्रकार.

सर्किटच्या नकाशांचा अभाव हा या कामातला मोठा अडसर आहे. पूर्वी टीव्हीबरोबर सर्किटचा कागद मिळे. आता उत्पादक तो देत नाहीत. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पण बुधवार पेठेतला कारागीर अजून बोर्डाच्या पाठीवरच्या पट्ट्या उजेडासमोर धरूनच नकाशा मनात काढतो.

संरक्षणाविषयीचे समजही तपासावे लागतात. एमसीबी फक्त जादा प्रवाहावर पडतो, जादा दाब त्याला कळत नाही. स्पाइक गार्डच्या पट्टीत तोच व्हॅरिस्टर असतो आणि न्यूट्रल तुटल्यावर तो पहिल्या मिनिटातच बळी जातो. खरा उपयोग होतो तो मीटरनंतर बसवायच्या, साधारण २७० व्होल्टांच्या वर वीज तोडणाऱ्या आणि दाब सुधारल्यावर थोड्या अवधीने परत जोडणाऱ्या रिलेचा. त्याची किंमत एका टीव्हीच्या दुरुस्तीइतकी असते आणि तो अख्खे घर सांभाळतो.

जबाबदारीचा प्रश्न यातून सुटत नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घरगुती दाबात सहा टक्क्यांपर्यंतच फरक मान्य केला होता, म्हणजे २३० धरल्यास सुमारे २१६ ते २४४. ३६४ कोणत्याही हिशेबात बसत नाही. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ४२ नुसार प्रत्येक वितरण कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच असतो आणि त्यावर लोकपाल असतो. तेथे नुसते ‘व्होल्टेज वाढले’ हे सांगणे कमी पडते. एकाच वेळी अनेक घरांत तडकलेले व्हॅरिस्टर आणि फुगलेले ४०० व्होल्टांचे कपॅसिटर यांची तारीखवार नोंद कारागिराने लिहून दिली तर दाव्याला आधार मिळतो. म्हणून काढलेले भाग कचऱ्यात न टाकता पिशवीत घालून ग्राहकाला परत द्यावेत, ही सवय दुकानांनी लावून घेण्यासारखी आहे.

आणि दुरुस्त सप्लाय परत त्याच घरात लावण्यापूर्वी तेथले व्होल्टेज मोजावे, तेही घरात आणि शेजारी मोठा भार चालू-बंद करून. स्वतःचा गीझर लावल्यावर दाब थोडा उतरणे स्वाभाविक आहे. शेजाऱ्याचा गीझर लागताच आपल्याकडचा दिवा प्रखर होत असेल किंवा मीटर २५० च्या वर सरकत असेल, तर न्यूट्रल अजून कुठेतरी ढिला आहे. बहुधा तो डीपीच्या टोकाशी असतो, जेथे ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या किंवा पितळी बोल्टला थेट आवळलेली असते, दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो, सांधा तापतो, तापून ढिला होतो आणि ढिला झाल्याने आणखी तापतो. तेथे दोन धातूंसाठीचा योग्य क्लँप लावून सांधा पुन्हा करावा लागतो, आणि हे काम घरच्या इलेक्ट्रिशियनचे नसून शटडाऊन घेऊन लाइनमनने करायचे असते.